छायाचित्राच्या पाठीवरची जागा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या शाळेचे एक जुने सामूहिक छायाचित्र, जाड करड्या पुठ्ठ्यावर डकवलेले आणि खालच्या कोपऱ्यात छायाचित्रकाराच्या नावाचा उठावाचा शिक्का असलेले, कोणीतरी माजी विद्यार्थ्यांच्या गप्पांच्या ग्रुपवर पाठविले आणि त्याखाली ‘साल १९६४’ एवढेच लिहिले. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली लहान मुले, मधल्या ओळीत खुर्च्यांवर मास्तर मंडळी, मागे बाकांवर उभी असलेली थोराड मुले, आणि अगदी उजव्या टोकाला, चौकटीच्या जवळजवळ बाहेरच, घंटेच्या खांबाशी उभा असलेला शिपाई. तासाभरात मास्तरांची नावे लागली. मागच्या ओळीतला तिसरा मुलगा कोण यावरून दोन पक्ष पडले. चौथ्या खुर्चीवरचे मास्तर त्याच वर्षी बदलून गेले, तेव्हा हे चित्र त्यापूर्वीचेच असले पाहिजे, असा एक मुद्देसूद खुलासाही कोणी केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रभाताची फुले आली, पाठोपाठ एक लग्नपत्रिका आली, धरणाच्या पातळीची बातमी आली, आणि आठ दिवसांनी ती नावे वहीत उतरवून घ्यावीत म्हणून मी शोधू लागलो तेव्हा चित्र माझ्या फोनमध्ये जसेच्या तसे होते, परंतु त्याच्याविषयी चाळीस माणसांनी सांगितलेले सारे शेकडो निरोपांच्या गाळाखाली गडप झाले होते.

आमच्या घरी आजोबांची एक ट्रंक आहे. तिच्यातल्या प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर त्यांनी टाकाने तिथी, प्रसंग आणि उभ्या-बसलेल्या माणसांची नावे ‘डावीकडून’ असा आरंभ करून लिहून ठेविली आहेत. एके ठिकाणी नाव खोडून दुसरे लिहिले आहे आणि शेजारी, बहुधा आजीच्या सांगण्यावरून, ‘ही धाकटी’ अशी दुरुस्ती आहे. कागदी छायाचित्राला पाठ होती, आणि त्या पाठीवर लिहिलेले चित्राबरोबरच एका हातातून दुसऱ्या हातात जात असे; पडद्यावरच्या छायाचित्राची पाठ नाहीशी झाली, आणि त्याच्याविषयीचे बोलणे व ते चित्र यांची कायमची ताटातूट झाली. छायाचित्रे एकमेकांना दाखविण्याच्या ॲपमध्ये ‘कम्युनिटी’ म्हणून जी सोय करतात, तिची रचना कशी असावी या प्रश्नाचे मूळ मला या हरवलेल्या पाठीत दिसते. त्या पाठीवर लिहावयाचे कोणी, कोणाच्या परवानगीने, किती, आणि लिहिलेले खोटे ठरल्यास काय करावयाचे, हेच ते चार प्रश्न. बाकीचे सारे रंगकाम होय.

हा विचार माझ्यापुढे आला तो शाळेच्या शतसंवत्सरीच्या निमित्ताने. गावचाच एक तरुण अभियंता, सध्या पुण्यास एका कंपनीत नोकरीस असलेला, समितीच्या बैठकीस आला आणि जुन्या छायाचित्रांसाठी एक लहानसे ॲप फुकट करून देण्याची तयारी त्याने दाखविली. त्याने कागदावर आराखडाही आणला होता: चित्र, चित्राखाली हृदयाचे चिन्ह, हृदयाशेजारी आकडा, आणि वर कोणाला किती अनुयायी आहेत याची गणती. ‘काका, लाइक ठेवायचं ना? त्याशिवाय लोक परत यायचे नाहीत,’ असे त्याने मला विचारले. त्याच्या प्रश्नात खोट नव्हती. त्याच्या पिढीने पाहिलेले बहुतेक ॲप याच साच्याचे आहेत. त्याला उत्तर देण्याआधी या साच्यांचा पूर्वेतिहास पाहावा म्हणून मी वाचू लागलो, आणि त्या वाचनात फ्लिकर या नावापाशी येऊन बराच काळ थांबलो.

कॅनडातील व्हँकूव्हर शहरी लुडिकॉर्प नावाची एक लहान कंपनी होती. स्ट्युअर्ट बटरफील्ड आणि कॅटेरिना फेक हे दांपत्य तिच्या चालकांपैकी. अनेकांनी मिळून खेळावयाचा ‘गेम नेव्हरएन्डिंग’ नावाचा एक खेळ ते घडवीत होते. तो तडीस गेला नाही, परंतु त्याकरिता तयार केलेल्या साधनांतून छायाचित्रे दाखविण्याची एक सोय निघाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ती फ्लिकर या नावाने लोकांपुढे आली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तिचे पहिले रूप गप्पांच्या खोलीचेच होते: माणसे एकाच वेळी जमत, बोलता बोलता चित्रे एकमेकांपुढे टाकीत आणि निघून जात, आमच्या शाळेच्या ग्रुपवर वीस वर्षांनी जे घडले त्याचीच ती पूर्वावृत्ती होती. काही महिन्यांतच चालकांनी रचना उलटी केली. प्रत्येक छायाचित्राला त्याचे स्वतःचे पान मिळाले, त्या पानाला पत्ता मिळाला, आणि चित्राविषयी जो जो जे जे बोलेल ते त्या पानावरच, चित्राखाली, राहू लागले. आज ही गोष्ट इतकी सामान्य वाटते की तिचा निर्णय कोणी तरी कधी तरी केला असेल हे ध्यानात येत नाही. परंतु गप्पांतून दप्तर निर्माण झाले ते त्या एका निर्णयामुळे, आणि पुढे जे जे चांगले घडले त्याचा पाया तोच आहे, असे माझे मत आहे.

दुसरा निर्णय याहून धाडसाचा. त्या काळी अमेरिकेत लोक आपली छायाचित्रे ज्या ठिकाणी ठेवीत, कोडॅकने २००१ मध्ये विकत घेतलेले ओफोटो हे त्यांपैकी एक, त्या ठिकाणांचा मुख्य धंदा कागदी प्रती छापून देण्याचा असे. चित्रांचा आल्बम खाजगी असे आणि ज्यांना निमंत्रण जाईल त्यांनाच तो उघडता येई. फ्लिकरने शिरस्ता उलटा ठेविला: चढविलेले चित्र, मालकाने निराळे काही सांगितले नसेल तर, सर्वांना दिसावयाचे. मालकास ते केवळ स्वतःपुरते, केवळ कुटुंबापुरते किंवा केवळ मित्रांपुरते राखून ठेवण्याची मुभा होतीच, परंतु त्याकरिता त्याने स्वतः उठून दार लावावे लागे. सरकारी कचेरीत ज्याने काम केले आहे त्याला शिरस्त्याचे सामर्थ्य समजावून सांगावयास नको; शंभरातील बहुसंख्य माणसे छापील अर्जावर आधीच असलेली खूण तशीच राहू देतात, आणि म्हणून ती खूण कोठे ठेवावी हे ठरविणारा मनुष्य प्रत्यक्षात त्या शंभरांच्या वतीने निर्णय करीत असतो. घराचे दार उघडे ठेवण्यात धोका आहे खरा, आणि त्याविषयी मी पुढे लिहिणारच आहे. परंतु ज्याला आपण ओळखत नाही आणि ज्याला आपल्या चित्राविषयी आपल्याहून अधिक माहिती आहे, असा मनुष्य आत येऊ शकतो तो उघड्या दारानेच.

उघड्या दारातून आलेल्या माणसाशी कोणी बोलले नाही तर तो परत जातो, हेही त्या मंडळींनी ओळखले होते. आरंभीच्या काळात कॅटेरिना फेक आणि त्यांच्या सहकारी जॉर्ज ओट्स (या बाई, नावावरून गैरसमज होऊ नये) नव्याने आलेल्या सभासदांस स्वतः अभिवादन करीत, त्यांच्या चित्रांवर दोन शब्द लिहीत, दोन अनोळखी माणसांची एकमेकांशी गाठ घालून देत. यंत्राने पाठविलेला स्वागताचा ठराविक निरोप आणि गृहिणीने उंबऱ्यापर्यंत येऊन ‘या’ म्हणणे यांत जो फरक आहे तो येथे होता. आणि नव्या माणसाने जुन्याशी कसे वागावे याचे वळण कोणत्याही लेखी नियमावलीपूर्वी या अभिवादनांतूनच पडले.

चित्राच्या पाठीवर लिहिण्याची साधनेही त्यांनी विचारपूर्वक योजली. चित्रातील एखाद्या भागाभोवती चौकट आखून तिच्यावर टीप लिहिता येई, म्हणजे ‘मागच्या ओळीतला तिसरा’ अशी गणती करीत बसण्याचे कारण उरत नसे. बोट ठेवावे आणि नाव लिहावे. त्याखेरीज टॅग होते: चित्राला चिकटवावयाचे सुटे शब्द, कोणत्याही पूर्वनिश्चित यादीवाचून, ज्याला जे सुचतील ते. ग्रंथपाल शतकानुशतके जे वर्गीकरण करीत आले ते वरून खाली येणारे. हे खालून वर जाणारे. लोकांच्या या वर्गीकरणास २००४ मध्ये थॉमस व्हँडर वाल यांनी ‘फोक्सॉनॉमी’ हा शब्द दिला. त्यात गोंधळ आहेच: एकाच डोंगरास एकजण ‘सह्याद्री’ म्हणेल, दुसरा ‘वेस्टर्न घाट’, तिसरा नुसतेच ‘मॉन्सून’. परंतु वर्गीकरणकाराच्या स्वप्नातही न येणारी जी नावे लोकांच्या ओठी असतात ती सापडण्याचा दुसरा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

मग येतो तो ग्रुप. इतर ठिकाणी या शब्दाने केवळ माणसांची टोळी सुचविली जाते. फ्लिकरवरील ग्रुप हा मुख्यतः चित्रांचा सामायिक साठा असतो आणि माणसे त्याच्याभोवती बसतात. कोणाचा विषय जुनी दारे, कोणाचा रेल्वेची स्थानके, कोणाचा केवळ वर्तुळाकार वस्तू. ग्रुपला चालक असतो, त्याच्या हाताखाली नियंत्रक असतात. कोणास प्रवेश द्यावा, एका सभासदाने एका दिवसात किती चित्रे द्यावीत याची मर्यादा काय, विषयाबाहेरचे चित्र काढून टाकावे की नाही, हे सारे त्यांच्या अखत्यारीत. येथे एक बारकावा आहे आणि तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: सभासदाने साठ्यात चित्र दिले तरी त्याची मालकी व ताबा सभासदाकडेच राहतो, ग्रुपला मिळते ती केवळ दाखविण्याची मुभा, आणि सभासद ती वाटेल तेव्हा परत घेऊ शकतो. गावकीच्या भांड्यांसारखी ही सोय नव्हे, की एकदा दिले ते गावाचे झाले. चालकाशी बिनसले तर मनुष्य आपली चित्रे घेऊन उठून जाऊ शकतो, आणि चालकास हे ठाऊक असल्यामुळे त्याची सत्ता आपोआप मर्यादेत राहते.

तरीही या व्यवस्थेला कीड लागलीच, आणि ती कोठून लागली हे सांगितले पाहिजे. काही ग्रुपांनी असा नियम केला की एक चित्र द्यावयाचे असेल तर दुसऱ्या दोन सभासदांच्या चित्रांखाली अभिप्राय लिहिलाच पाहिजे. हेतू वाईट नव्हता. घेणाऱ्याने काही द्यावे, ही भावना सभ्यच आहे. परंतु सक्तीने लिहावयाचा अभिप्राय सर्वांत कमी श्रमाचा होतो, आणि थोड्याच काळात त्या ग्रुपांतील चित्रांखाली चकाकणारी तयार पदके आणि ‘अप्रतिम’ या अर्थाचे एकेक शब्द यांची रास पडू लागली. स्तुती हे चलन झाले. ज्याने रात्री जागून धुक्यातल्या पुलाचे चित्र काढले त्याला वीस पदके मिळाली, आणि पूल कोणता, कोणत्या नदीवरचा, तो कोणी बांधला, हे विचारणारा एकही मनुष्य भेटला नाही.

हृदयाच्या चिन्हाविषयी मी अभियंत्यास जे सांगितले त्याचा आधार मला येथे मिळाला. ६ ऑक्टोबर २०१० रोजी केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी इन्स्टाग्राम सुरू केले. त्यापूर्वीचे त्यांचे बर्बन हे ॲप अनेक सोयींनी लादलेले होते. लोक त्यातील छायाचित्रेच तेवढी वापरतात असे दिसल्यावर त्यांनी बाकीचे छाटले आणि चित्र, अभिप्राय व पसंती एवढेच ठेविले. ही काटछाट रचनाकाराच्या दृष्टीने वाखाणण्याजोगी होती, आणि तिला मिळालेले यश सर्वश्रुत आहे. परंतु चित्रावर दोनदा बोट टेकले की पसंती नोंदली जाते, या सोयीने पसंतीचे श्रम जवळजवळ शून्यावर आणले, तर एक वाक्य लिहिण्याचे श्रम पूर्वीइतकेच राहिले; आणि पाणी उताराकडे वाहते. शेजारी आकडा उभा राहिला म्हणजे चित्र काढणाऱ्याचे लक्ष हळूहळू चित्रावरून आकड्यावर जाते, हे पुढे त्या कंपनीच्याही ध्यानात आले असले पाहिजे, कारण २०१९ मध्ये प्रथम कॅनडात आणि नंतर आणखी काही देशांत हा आकडा इतरांपासून झाकून ठेवण्याचा प्रयोग तिने करून पाहिला, आणि मे २०२१ मध्ये तो झाकावा की दाखवावा याचा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोपविला. म्हणजे शिरस्ता बदलला नाही. दार लावण्याची मुभा तेवढी मिळाली.

आता ज्या प्रकरणासाठी हा सारा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो ते सांगतो. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या छायाचित्र विभागात त्या वेळी १ कोटीहून अधिक चित्रवस्तू होत्या, आणि त्यांपैकी कित्येकांविषयी ग्रंथपालांना चित्रात दिसते त्यापलीकडे फारसे ठाऊक नव्हते. १६ जानेवारी २००८ रोजी या ग्रंथालयाने फ्लिकरशी मिळून ‘द कॉमन्स’ नावाचा उपक्रम सुरू केला, जॉर्ज ओट्स यांचा त्याच्या रचनेत मोठा वाटा होता, आणि सुमारे ३,१०० छायाचित्रे लोकांपुढे मांडली. त्यांचे दोन संच होते. एक १९३९ ते १९४४ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या वतीने घेतलेल्या रंगीत चित्रांचा: शेतमजूर, आगगाड्यांची यार्डे, विमानांच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रिया. दुसरा न्यूयॉर्कच्या बेन न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेच्या, १९१० च्या आसपासच्या काचेच्या निगेटिव्हांचा. या काचांवर कोणी कारकुनाने घाईघाईने एखादे आडनाव, एखादे ठिकाण कोरून ठेविले होते. शंभर वर्षांनी ते आडनाव कोणाचे, खेळाडूचे, मंत्र्याचे की नाट्यगृहातल्या नटीचे, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

ग्रंथालयाने केले ते एवढेच, की त्या प्रत्येक चित्राखालची पाठ कोरी सोडली आणि जगाला म्हटले, लिहा. लोकांनी लिहिले. कोणी जुन्या वृत्तपत्रांचे अंक चाळून ती मिरवणूक कोणत्या दिवशीची ते शोधले, कोणी विमानाच्या शेपटीवरून त्याची जात सांगितली, कोणी त्या रस्त्यावर आज उभे राहून त्याच कोनातून चित्र काढून शेजारी लावले, आणि कोणी लिहिले की हे दुकान माझ्या आजोबांच्या गल्लीतले. ऑक्टोबर २००८ पर्यंतचा हिशेब ग्रंथालयाने स्वतः प्रसिद्ध केला आहे. तोवर चित्रांची संख्या ४,६१५ झाली होती; ती १ कोटी ४ लाख वेळा पाहिली गेली होती; २,५१८ सभासदांनी ६७,१७६ टॅग लावले होते; ७,१६६ अभिप्राय आले होते. या आकड्यांपेक्षा दुसरे दोन मला अधिक बोलके वाटतात. अशोभनीय म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर २५ ठिकाणांहूनही कमी भरला. आणि लोकांनी पुरविलेल्या माहितीवरून ग्रंथालयाच्या मूळ सूचीतील ५०० हून अधिक नोंदी सुधारल्या गेल्या.

या सुधारणेची पद्धत नीट पाहण्याजोगी आहे. लोकांनी लिहिले म्हणून ते लगेच सूचीत गेले नाही. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी दावा वाचला, त्याचा आधार तपासला, आणि पटला तेव्हाच नोंद दुरुस्त केली. आणि दुरुस्त केली तेव्हा ही माहिती फ्लिकर कॉमन्स उपक्रमातून आली असा दाखला त्या नोंदीतच लिहून ठेविला. जाणत्यांचा अधिकार आणि लोकांची जाण यांपैकी एकाने दुसऱ्याचे सिंहासन बळकावावे असा प्रकार येथे झाला नाही; लोकांचा शेरा लोकांच्या पानावर राहिला, ग्रंथपालाची नोंद ग्रंथपालाच्या सूचीत राहिली, आणि दोहोंच्या मध्ये एक मनुष्य तपासणीस बसला. पुढे सिडनीचे पॉवरहाऊस म्युझियम, स्मिथसोनियन, आयर्लंडचे राष्ट्रीय ग्रंथालय अशा कित्येक संस्था या उपक्रमात आल्या. आयरिश मंडळी तर रोज सकाळी एक जुने चित्र मांडीत, आणि दुपारपर्यंत लोक १९११ च्या जनगणनेची पाने उलगडून, दुकानावरच्या पाटीवरून आणि सावलीच्या लांबीवरून, त्याचे साल व ठिकाण ठरवीत. या माणसांपैकी कोणाला पदक मिळत नव्हते. चित्राने प्रश्न विचारला होता आणि उत्तर लिहावयास जागा होती, एवढे त्यांना पुरले.

येथे उघड्या दाराच्या धोक्याकडे परतले पाहिजे. छायाचित्र कोठे काढले याची नोंद पुष्कळ फोन व काही कॅमेरे आपण होऊन चित्रात घालतात, आणि समाजातल्या दहा जणांत एखादा वाईट हेतूचा असतो. प्राणी-वनस्पतींची छायाचित्रे घेऊन त्यांची ओळख पटविणाऱ्या आयनॅचरलिस्ट या ॲपने यावर काढलेला तोडगा अनुकरणीय आहे: दुर्मीळ व संकटग्रस्त जातींच्या चित्राचे नेमके स्थान तेथे लोकांस दिसत नाही, सुमारे २० किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनात कोठेतरी, एवढेच दिसते. सह्याद्रीत ज्याने दुर्मीळ ऑर्किड कोणत्या झाडावर फुलले ते पाहिले आहे, त्याला या चौकोनाचे मोल कळेल. त्याच ॲपमध्ये एकट्याने सांगितलेली ओळख ग्राह्य धरीत नाहीत. निदान दोघांनी सांगितलेली आणि सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिकांचे एकमत असलेली ओळखच अभ्यासास योग्य मानली जाते, आणि मतभेद असेल तर तो पुसला न जाता पानावर दिसत राहतो. घरांच्या आणि मुलांच्या चित्रांना याहूनही अधिक सावधगिरी हवी. फ्लिकरवर चित्रातील माणसाचे नाव कोणी लावले तर ते काढून टाकण्याचा अधिकार त्या माणसास आहे, आणि तो असावयासच हवा. चेहरा ज्याचा, त्याचा पहिला हक्क.

राहिला प्रश्न दप्तराच्या वारसाचा, आणि तो रचनाकार बहुधा सर्वांत शेवटी विचारतात. फ्लिकर मार्च २००५ मध्ये याहूने घेतले, एप्रिल २०१८ मध्ये स्मगमगने. मालक बदलताच नियम बदलले. फुकट खात्यात ठेवता येणाऱ्या चित्रांवर १,००० ची मर्यादा आली, तेव्हा कॉमन्समधील चित्रे तिच्यातून वगळावी लागली. २०२२ मध्ये हा ठेवा शंभर वर्षे टिकावा एवढ्याच हेतूने फ्लिकर फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि तिची धुरा पुन्हा जॉर्ज ओट्स यांच्याकडेच आली. ज्यांनी पहिल्या पाहुण्यांना उंबऱ्यावर ‘या’ म्हटले, त्यांनीच वीस वर्षांनी त्या घराच्या कागदपत्रांची काळजी वाहावी, हे मला फार हृद्य वाटते.

आमच्या शाळेच्या ॲपची तजवीज त्यामानाने लहानच. अभियंत्याने हृदय काढून टाकले. थोडा हिरमुसला, पण काढले. प्रत्येक चित्राला पान दिले, चेहऱ्याभोवती चौकट आखण्याची सोय दिली, आणि एका चौकटीत एकाहून अधिक नावे राहू शकतील असे केले, कारण मागच्या ओळीतल्या तिसऱ्या मुलाविषयीचे दोन्ही पक्ष आपापल्या मतावर ठाम होते. १९८० पूर्वीची चित्रे सर्वांस खुली, नंतरची केवळ माजी विद्यार्थ्यांस, आणि कोणीही आपल्या चेहऱ्यावरचे नाव काढून मागितले तर दुसऱ्या दिवसाच्या आत काढावयाचे, असे समितीने ठरविले. बाहेरच्या माणसास शेरा लिहू द्यावा की नाही यावर मात्र दोन बैठका गेल्या. शाळेच्या गोष्टीत परक्यांना काय कळणार, असे एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले. शेवटी लिहू द्यावे, परंतु समितीतील एकाने वाचल्याखेरीज तो शेरा पानावर दिसू नये, अशी तडजोड झाली, आणि ते वाचण्याचे काम माझ्याकडे आले.

दिवाळीनंतर एके दिवशी बडोद्याहून एका बाईंचा शेरा आला. त्या आमच्या शाळेत कधी शिकल्या नव्हत्या. गावाचे नाव शोधता शोधता त्यांच्या मुलास ते पान सापडले होते. घंटेच्या खांबाशी उभे आहेत ते माझे आजोबा, असे त्यांनी लिहिले होते, आणि पुढे त्यांचे पूर्ण नाव व मूळ गाव. त्यांच्या हातात आहे ती तुम्ही टिपेत लिहिल्याप्रमाणे काठी नव्हे, घंटा वाजविण्याची हातोडी आहे. तिचा दांडा त्यांनी स्वतः बाभळीचा बसविला होता आणि ती अजून आमच्या घरी आहे. आणि आणखी एक, की हे चित्र १९६४ चे असू शकत नाही, कारण आजोबा १९६३ च्या आषाढात वारले.

मी मुख्याध्यापकांची परवानगी काढून शाळेच्या कपाटातले जुने हजेरीपट पाहिले. शिपायाचे नाव बाईंनी लिहिले तेच होते आणि जुलै १९६३ नंतर ते पटावर नव्हते. चौथ्या खुर्चीवरच्या मास्तरांच्या बदलीची नोंद जून १९६२ ची निघाली. त्या संध्याकाळी मी चित्राखालची नोंद दुरुस्त केली. साल १९६२, जूनपूर्वी. आधार, शाळेचे हजेरीपट आणि बडोद्याच्या वाचकाचा शेरा. आधीचे साल खोडले नाही, खाली ‘पूर्वीची समजूत’ म्हणून ठेविले. ‘शिपाई’ या शब्दाच्या जागी त्यांचे नाव घातले आणि ‘काठी’च्या जागी ‘हातोडी’. मागच्या ओळीतल्या तिसऱ्या मुलाच्या चौकटीत अजून दोन नावे आहेत.